वडिलांसाठी अ‍ॅडासवाली गाडी घ्यावी की ड्रायव्हर ठेवावा?

सांगलीची_पोर: नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, दर महिन्याला सांगली–पुणे स्वतः गाडी चालवत येतात. परवा खंबाटकीत पुढचा ट्रक थांबला आणि ब्रेक उशिरा लागला, थोडक्यात निभावलं. भाऊ म्हणतो, पुढेमागे गाड्या आपोआपच चालणार आहेत, तर आत्तापासूनच निम्मं काम गाडीवर सोपवा, म्हणजे अ‍ॅडासवाली घ्या (गरज पडली की स्वतः ब्रेक लावणारी, लेन सांभाळायला मदत करणारी यंत्रणा). ड्रायव्हर ठेवायला बाबा तयार नाहीत. बजेट १० लाख, ऑन रोड. सुचवा.

टॉप_गिअर_चिंचवड: १० मध्ये हात घालू नका. जरा ताणून १८ पर्यंत या. माझ्या गाडीत रडार + कॅमेरा दोन्ही आहे. पुढची गाडी थांबली की आपली थांबते. एक्सप्रेसवेला मी पाय वर घेऊन बसतो.

भाऊसाहेब_कराड: पाय वर घेऊन बसणारे दिसले की आम्ही लेन बदलतो. आणि ताई १० म्हणाल्यात, १८ नाही.

मु_पो_सॅनफ्रान्सिस्को: इकडे वेमो कंपनीच्या टॅक्सीत स्टेअरिंगला कोणीच नसतं. आई आली होती, आधी रामरक्षा म्हटली, मग चक्क झोपली. गाडीला ना दारू, ना मोबाईल, ना डुलकी. माझं स्पष्ट मत, माणसाच्या हातून स्टेअरिंग काढूनच घ्यावं.

रिटायर्ड_पण_टायर्ड_नाही: जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीचंही सांगा की. ऑक्टोबर २०२३, तुमच्याच गावात दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई यांच्या बिनड्रायव्हरच्या गाडीखाली आली. गाडी थांबली आणि मग कडेला घ्यायची म्हणून तिला वीसेक फूट फरफटत नेलं. परवाना निलंबित झाला, डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा गाशाच गुंडाळला.

मु_पो_सॅनफ्रान्सिस्को: काका, ती कंपनी वेगळी. आणि सरकारी अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातात गेली, ती कुठल्या रोबोने मारली?

भाऊसाहेब_कराड: गडकरी म्हणालेत ना, ड्रायव्हरलेस गाड्या इथे येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातात. विषय संपला.

नवले_पुलाचा_बळी: माझ्या अ‍ॅडासवाल्या गाडीने मोकळ्या रस्त्यात आपणहून कचकन ब्रेक मारला. रिक्षा आडवी गेली म्हणे. मागून टेम्पो आदळला, डिकी पुढच्या सीटला भेटायला आली. सर्व्हिस सेंटरवाला शांतपणे म्हणतो, "सिस्टिम बरोबरच वागली सर." तेव्हापासून बटण बंद.

गॅरेज_मिरज: धागा भरकटतोय. ताई, आपल्याकडे मिळतं ते लेव्हल २ पर्यंतच, म्हणजे गाडी फक्त मदत करते, काही झालं तर जबाबदार चालवणाराच. तुमच्या बजेटजवळ होंडा अमेझचं झेडएक्स मॉडेल येतं, पण १० च्या वर जाईल. त्यात फक्त कॅमेरा, रडार नाही. सातारा–कागल सहापदरीकरणात जुने-नवे पट्टे एकमेकांवर आहेत, डायव्हर्जन आहेत, तिथे लेन असिस्ट (पट्टे बघून गाडी लेनमध्ये ठेवणारं) गोंधळतं, बंद ठेवा. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस हातभर बाहेर. कॅमेऱ्याला तो वेळेत दिसेल यावर मी पैज लावणार नाही. पण दिवसाढवळ्या ट्रक थांबलाय आणि आपलं लक्ष नाही, यासाठी ऑटो ब्रेक कामाचा, म्हणजे तुमचं खंबाटकीचं प्रकरण. पुढची काच बदलली तर कॅमेरा कॅलिब्रेट करावा, म्हणजे पुन्हा नीट जुळवावा लागतो, विम्यात ते बसतं का विचारा. टेस्ट ड्राइव्हला बाबांनाच बसवा.

रिटायर्ड_पण_टायर्ड_नाही: +१. त्याच २०२२ च्या सरकारी अहवालात सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ मृत्यू आहेत, त्यातले निम्मे शेजारी-मागे बसणारे. आधी वहिनींना मागे बेल्ट लावायला सांगा, फुकट आहे.

टॉप_गिअर_चिंचवड: रडार पाहिजेच. म्हणून म्हटलं १८.

सांगलीची_पोर: सगळ्यांचे आभार. बाबांना टेस्ट ड्राइव्हला नेलं. बीप ऐकून म्हणाले, "टोकायला घरी एक आहे की!" अ‍ॅडास नसलेलं खालचं मॅन्युअल मॉडेल स्वतःच बुक करून आले. अंधार पडल्यावर हायवेला जायचं नाही, एवढं मात्र कबूल करून घेतलंय. आई मागे बेल्ट लावते आता, कुरकुरत.

टॉप_गिअर_चिंचवड: चूक केलीत.

गॅरेज_मिरज: अभिनंदन. झीरो डेप (क्लेममध्ये पार्ट्सचा घसारा न कापणारा विमा) घ्या, पण शोरूमच्या कोटेशनवर जाऊ नका, बाहेर विचारा, बऱ्याचदा स्वस्त पडतो.