मदरबोर्ड निवडला कसा, नांदला कसा?

गेमिंगसाठी पीसी जुळवायचा म्हटलं की बोलणं ग्राफिक्स कार्डापासून सुरू होतं, प्रोसेसरवर रेंगाळतं आणि मदरबोर्डाच्या वाट्याला उरलेले पैसे येतात. मला हे मुळीच पटत नाही. रॅम दोन मिनिटांत बदलता येते, कार्ड दहा मिनिटांत. बोर्ड बदलायचा तर अख्खा पीसी उसवून पुन्हा जुळवावा लागतो. पुढच्या पाच-सात वर्षांत त्या कॅबिनेटमध्ये काय बसेल हेही बोर्डच ठरवतो. फ्रेम रेटच्या तुलना हव्या तेवढ्या मिळतात, पण एकच बोर्ड चार पावसाळे चालवल्यावर काय दिसतं ते फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. कोणता बोर्ड घेतलात, का घेतलात, वापरता वापरता काय कळलं ते लिहा. सल्ले नंतर, आधी घरात घडलेलं.

माझ्यापासून सुरू करतो. २०१९ मध्ये बी४५० चिपसेटचा (बोर्डावरची जोडणी सांभाळणारी चिप) बोर्ड घेतला, सोबत रायझन ५ २६००. तेव्हा इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचं (प्रोसेसर बसतो ती जागा) ताजं उदाहरण समोर होतं. पिना तितक्याच, सॉकेटचं नाव तेच, तरी आठव्या पिढीचा प्रोसेसर २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नव्हता. एएम४ हे आपलं सॉकेट पुढे चालणार असं रायझन बनवणारी एएमडी सांगत होती, त्या भरवशावर घेतला आणि भरवसा खरा ठरला. २०२२ मध्ये बाजारात आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी पुढे याच बोर्डावर बसवला. क्रम तेवढा पाळायचा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (पीसी सुरू करणारी बोर्डातली प्रणाली) अपडेट करायचं, मग अदलाबदल. रॅम तीच, एसएसडी तीच. २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले तेव्हा नवीन पिढीची डीडीआर५ रॅम घ्यायची गरजच नव्हती, याचं फार बरं वाटलं.

मर्यादा एकच जाणवते. ग्राफिक्स कार्ड बसतं ती बोर्डाची पीसीआयई खाच ३.० या जुन्या पिढीची आहे. सोळा किंवा आठ लेनच्या (डेटा जायच्या वाटा) कार्डाला फारसा फरक पडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं कार्ड अशा जुन्या बोर्डावर स्पष्ट मागे पडतं. स्वस्त कार्ड आणि जुना बोर्ड अशी जोडी जमवणाऱ्यांनी कार्डाच्या लेन आधी बघाव्यात.

देवगडहून

आमच्याकडे मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा काय असतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पीसी चांगल्या यूपीएसवर, अर्थिंग नीट करून घेतलेलं, वर काळोख झाला की बटण बंद. तरी एका संध्याकाळी शेजारच्या माडावर वीज पडली आणि बोर्डाचं लॅन पोर्ट (इंटरनेटची वायर लागते ते) मेलं. बाकी सगळं ठणठणीत. विजेचा झटका आला तो इंटरनेटच्या वायरीतून. तेव्हा केबलवाल्याची तांब्याची वायर खांबावरून खांबावर उघडीच घरात यायची, आणि यूपीएसचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

आता खरा मुद्दा. साधं लॅन कार्ड स्वस्तात मिळतं, बोर्डावर पीसीआयई एक्स१ ची खाच होतीही. पण बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा, ग्राफिक्स कार्ड अडीच स्लॉट जाडीचं, आणि ती खाच बरोबर त्याच्या पंख्यांखाली. कागदावर आहे, हातात नाही. शेवटी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घेतला, तो आजही चालतो. पुढचा बोर्ड घेताना मी खाचांची संख्या वाचत बसलो नाही. बोर्डाचा वरून काढलेला फोटो घेतला, ग्राफिक्स कार्डाची जाडी मोजली आणि कार्डाखाली काय झाकलं जातंय ते पाहिलं. तुम्हीही तेच करा.

आता फायबर आहे. काचेच्या तारेतून झटका येत नाही. तरी विजांच्या दिवसांत मोडेमपासून पीसीपर्यंतची वायर काढून ठेवतो. आणि पावसाळ्यात पीसी आठ-आठ दिवस बंद ठेवत नाही. खारी हवा आणि दमट खोली असली की रोज थोडा वेळ चालू असलेलं यंत्र जास्त टिकतं, असं मला तरी दिसलंय.

नागपूरहून

पुण्या-मुंबईचे लोक पंचवीस डिग्रीच्या खोलीत घेतलेल्या चाचण्या दाखवतात. आमच्या इथं मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असते आणि खोलीत कूलर लावूनही पस्तीसच्या खाली येत नाही. त्यामुळं मी बोर्ड घेताना सगळ्यात आधी व्हीआरएम बघतो. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला असतं ते. सप्लायचे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-दीड व्होल्टपर्यंत तिथेच उतरतात, आणि तिथेच बोर्ड तापतो. त्यावर ॲल्युमिनियमचा जाडजूड हीटसिंक आहे का, की उघडंच आहे, हे डोळ्यांनी दिसतं.

मित्राकडे एच६१० चा उघड्या व्हीआरएमचा बोर्ड, त्यावर आय७ १२७००. हिवाळ्यात काही तक्रार नाही. एप्रिल लागला की खेळ सुरू केल्यावर काही वेळानं प्रोसेसरचा वेग एकदम खाली यायचा, आणि प्रोसेसरचं तापमान बघावं तर सत्तरच्या आत. तापत होता बोर्ड. आम्ही बायोसमध्ये पॉवर लिमिट ६५ वॅटला बांधली आणि टॉवर कूलरच्या जागी खाली वारा फेकणारा कूलर लावला, म्हणजे तोच वारा व्हीआरएमवरही पडतो. वेग स्थिर झाला.

लिक्विड कूलरवाल्यांना एक सांगतो. पंखे रेडिएटरवर गेले की सॉकेटभोवती वारा उरत नाही. कॅबिनेटचा मागचा पंखा काढू नका. आणि खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर धरू नका, ओली हवा आत जाते.

इचलकरंजीहून, बोर्ड दुरुस्तीचं काम

माझ्या टेबलावर येतात त्या बोर्डांतले बरेच बिघडलेले नसतातच. बंद पीसीतली वेळ मागं जाते, प्रत्येक वेळी बायोसमध्ये नेऊन सोडतं, म्हणून लोक अख्खा बोर्ड घेऊन येतात. वेळ आणि सेटिंग जपायला बोर्डावर सीआर२०३२ चा सेल असतो, ३ व्होल्टचा. मीटर लावायचा, उतरला असेल तर बदलायचा. झालं.

दुसरं, वाकलेल्या पिना. इंटेलच्या बोर्डांत आणि आता एएम५ मध्येही पिना सॉकेटात असतात, केसासारख्या बारीक. एखादी वाकली तरी पीसी चालू होतो, फक्त रॅमच्या दोन खाचा दिसत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं रॅम गेली. मी भिंगाखाली टॉर्च तिरका धरतो. सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत चमकतात आणि वाकलेली तेवढी काळी राहते. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण कचऱ्यात टाकू नका दादांनो. वॉरंटीत बोर्ड पाठवताना ते लागतं, नाहीतर वाटेत पिना वाकतात आणि दोष तुमच्या माथी येतो.

एएम४ मध्ये उलट, पिना प्रोसेसरला. कूलर सरळ वर ओढला की मधल्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळं प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो. आधी अर्धा तास गेम चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या, पीसी बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा.

लाइटवाल्यांसाठी: तीन पिनांचं ५ व्होल्टचं एआरजीबी आणि चार पिनांचं १२ व्होल्टचं आरजीबी वेगळं. जोर लावून बसवलं की पट्टी जळते.

नाशिकहून, आई

पीसी लेकीने जुळवला, मी स्क्रू धरायला. बी६५० चा बोर्ड आणि डीडीआर५. पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळीच. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिला. एवढे पैसे घातलेले, माझा हात बटणाकडे गेला. ती म्हणाली, "आई, हात लावू नकोस, रॅमचं ट्रेनिंग चालू आहे." तिने आधी वाचून ठेवलं होतं. डीडीआर५ ला पहिल्या वेळी बोर्ड वेगवेगळ्या वेळा-व्होल्टेज लावून पाहतो, त्याला काही मिनिटं जातात. चहा झाला, आणि मग स्क्रीन आली.

ते चार दिवे नसते तर मी दुकानात फोन लावला असता. त्यामुळे ज्यांच्या घरी जुळवणारं माणूस नवं आहे, त्यांनी दिवे असलेलाच बोर्ड घ्यावा असं मी आग्रहाने सांगेन. बाकी शोभेचे दिवे नसले तरी चालतात.

बंगळूरहून

एसपी रोडवरून घेतला, व्हिडिओ एडिटिंग आणि गेमिंग दोन्हीसाठी. माझ्याकडे जुन्या साटा हार्ड डिस्क बऱ्याच. दुकानदार एम.२ च्या (एसएसडी बसवायच्या) खाचा मोजून दाखवत होता, मी मॅन्युअल उघडून तळटीप वाचली: दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी लावली की साटा डिस्कची पाच आणि सहा नंबरची पोर्टं बंद. बऱ्याच बोर्डांत असं वाटून घेतलेलं असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, पैसे देण्याआधी तेवढं पान वाचा.

कोल्हापूरहून, गेमिंग कॅफे

आमच्याकडं सगळ्या मशिनी एकाच बोर्डावर, मुद्दाम. एकावर जमलेली सेटिंग सगळीकडं लागते आणि एक बोर्ड जादा ठेवला की काम थांबत नाही.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण मी सोडत नाही. बी६५० बोर्ड २०२२ चे, रायझन ९००० आला २०२४ मध्ये. दुकानात जुनं बायोस असलेला बोर्ड हातात पडला तर नवा प्रोसेसर ओळखत नाही. फ्लॅशबॅक असलं की फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकायची, कंपनीनं सांगितलेलं नाव द्यायचं, मागच्या ठरलेल्या पोर्टात लावून बटण दाबायचं. प्रोसेसर नसला तरी चालतं.

बायोस अपडेट झालं की सेटिंग मूळ पदावर जातात, हे ध्यानात ठेवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली दोन्ही सुरक्षा सेटिंग लागतात. अपडेटनंतर ते बंद पडलं तर गेम उघडत नाही आणि पोरं काउंटरवर येतात. मी सेटिंगच्या स्क्रीनचे फोटो फोनमध्येच ठेवलेत. वीज गेल्यावर परत आली की आपोआप चालू व्हायची सेटिंगही बंद ठेवतो, कारण लाइट येताना दोन-तीनदा झटके देते.

न्यू जर्सीहून

इथे मायक्रो सेंटरमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम एकत्र बांधून स्वस्तात देतात, म्हणून भाच्यासाठी घेऊन जावं असं वाटतं. आधी त्या बोर्डाची वॉरंटी भारतात चालते का ते बघा. बऱ्याचदा ती ज्या देशात विकली तिथलीच असते. मी प्रोसेसर नेला, बोर्ड त्याने लॅमिंग्टन रोडवर घेतला.

ठाण्याहून

नाशिकच्या ताईंना विचारायचंय, पुढे रॅम वाढवली तर चार कांड्या चालतात का?

नाशिकहून

लेकीचं उत्तर देते. चालतात, पण हळू. रायझन ७००० ला एएमडीने दोन कांड्यांसाठी ५२०० चा वेग सांगितलाय, चारसाठी ३६००. तिने म्हणून १६ जीबीच्या दोनच घेतल्या, सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

इचलकरंजीहून

देवगडकर, लॅन मेलेला तो बोर्ड अजून वापरात असेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद करून ठेवा. आणि पीसी चालू असताना पोर्टाजवळच्या चौकोनी चिपपाशी बोट जपून न्या. धग लागली तर आत शॉर्ट आहे, ती चिप काढून घ्या. काढली तरी बाकी बोर्ड चालतो.