दरवर्षी वणवा लागतोय, डोंगराची माती उतरत का चालली?

डोंगरवाट:
आमचं गाव भोर तालुक्यात. मागचा डोंगर गेल्या पाच उन्हाळ्यांत चारदा जळाला. 'जाळलं की गवत जोमानं येतं' असं काका म्हणतात, आणि पहिल्या वर्षी आलंही. आता मात्र वर नुसतं कुसळीचं गवत. पूर्वी पवन्या, मारवेल असायचं. वळवाच्या पहिल्या पावसात ओढ्याला काळं पाणी येतं. राख म्हणजे खतच ना? मग असं का?

काळीभोर:
खत आहे, पण अर्धंमुर्धं. पालाश, स्फुरद, कॅल्शियम राखेत उरतं; नत्र साधारण 200 अंश सेल्सिअसपासूनच उडून जायला लागतं. पहिल्या वर्षीचा जोम त्या राखेचा. ओढ्याला येणारं काळं पाणी म्हणजे तुमचं तेच खत वाहून चाललंय!
एखाददुसरा वणवा माती सोसते. गवताची आग भरभर पुढे सरकते, चार बोटं खाली माती फारशी तापतही नाही. घात होतो तो वरचेवर लागल्यानं. पालापाचोळा साचायच्या आतच पुन्हा आग, मग मातीतल्या जिवांनी खायचं काय? त्यातही बुरश्या जिवाणूंपेक्षा लवकर मरतात. झाडांना स्फुरद मिळवून देणाऱ्या, मुळांना चिकटून राहणाऱ्या याच. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते.

रानातला:
मी वनरक्षक होतो. कुसळी का उरते, तर तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की बसतो, आणि तसं फिरत फिरत बी जमिनीत घुसतं. वरून आग गेली तरी ते आत सुखरूप. साग, पळसही बुडातून फुटतात, पण दरसाल शेंडा जळतो. मूळ जुनं आणि झाड गुडघ्याएवढं, अशी कितीतरी पाहिली. बियांची कोवळी रोपं तर जगतच नाहीत. जीव तुटतो ते बघून. फेब्रुवारीच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढा, गवत कापून घ्या, जाळू नका. सलग चार-पाच वर्षं आग लागू देऊ नका.

डोंगरवाट:
आभारी आहे दादा. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी धोतराला अडकलेलं एक कुसळ काढून त्यावर पाण्याचा थेंब टाकला. ते गरगर फिरायला लागलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, जाळरेषेला मीही येतो. पवन्याचं बी कुणाकडे मिळेल का?