घरगुती इंटरनेटवर स्वतःचा सर्व्हर: कंपन्यांची बंदी योग्य आहे का?

परभणीकर:
फायबर आलं, वेगही चांगला आहे, पण बाहेरगावाहून घरच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे फायली साठवून इंटरनेटवरून देणाऱ्या घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत, पोचता येत नाही. कारण सीजीनॅट, म्हणजे कंपनीने एकच इंटरनेट पत्ता (आयपी) अनेक घरांत वाटून देणं. राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजायचं, सार्वजनिक आयपी अनेक घरांत मिळून एकच आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी, त्यामुळे ही वाटणी मला समजते. घरगुती जोडणीवर सर्व्हर चालवायचाच नाही, ही कंपनीच्या करारातली अट मात्र मान्य नाही. इमिचवर (फोटो साठवायचं सॉफ्टवेअर) घरच्यांचे फोटो, नेक्स्टक्लाउडवर (फायली साठवायचं सॉफ्टवेअर) सातबारे, फेरफार, पीकविम्याच्या पावत्या. यात धंदा कुठं आला? मुंबईत भाड्याने छोटा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घेऊन घरातून तिथपर्यंत वायरगार्ड, म्हणजे खाजगी सुरक्षित जोडणी, टाकलं की काम भागतं. जोडणी आतून बाहेर जाते, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी चालू ठेवणारा छोटा संदेश, दर २५ सेकंदांनी जाईल असा ठेवा. पण स्वतःच्या कागदांसाठी दर महिन्याला हे भाडं का भरावं?

लातूरवाला:
दादा, करारावर सही करायची अन् नंतर अट मान्य नाही म्हणायचं, हे पटत नाही. तालुक्याच्या केबलवाल्याची बाजू बघा. जीपॉनच्या, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीच्या, एका पोर्टवर अपलोड जेमतेम सव्वा गिगाबिट, तेही ३२ नाहीतर ६४ घरांत वाटलेलं. चौघांनी घरून गावभर सिनेमे दाखवायला सुरुवात केली तर शेजारच्या लेकराचा ऑनलाइन क्लास अडकतो. पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरवरून ईमेल पाठवायची वाट, बंद ठेवतात तेही बरोबरच. एका घरातल्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून स्पॅम गेला की तो आयपी वापरणारे सगळेच काळ्या यादीत. शिवाय उन्हाळ्यात लाईट गेली, इन्व्हर्टर उतरला, मग तुमचे सातबारे कुठून उघडणार?

परभणीकर:
पोर्ट २५ चं मान्य. लाईट गेली तर गैरसोय माझी होईल, कंपनीचं काय जातं? कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असते. अपलोडची अडचण असेल तर महिन्याची मर्यादा ठरवा, जास्त वापरला तर वेग कमी करा. सातबारा ठेवणारा आणि सिनेमे वाटणारा एकाच नियमात का?

बीडहून वाचक:
आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत, तिचा विषय कुणीच काढला नाही. तिथं घराला निदान ६४ बिटांचा प्रीफिक्स (पत्त्यांचा एक मोठा गट) मिळतो, म्हणजे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता. तुमच्याकडे चालू असेल तर व्हीपीएसचा खर्च वाचेल. फक्त फायरवॉलमध्ये (बाहेरून येणारं अडवणारी भिंत) वायरगार्डचं एकच पोर्ट उघडा. नेक्स्टक्लाउडचं लॉगिन पान जगासमोर ठेवू नका.

लातूरवाला:
ताई, पत्ता मिळाला तरी बाहेरून येणारं सगळं कंपनीच्याच राउटरमध्ये अडवलेलं असलं, अन् ती सेटिंग ग्राहकाला उघडतच नसली तर? शिवाय करारातली अट तशीच राहते. स्वतःपुरता, ठरलेल्या मर्यादेत सर्व्हर चालेल, एवढं कंपनीकडून लेखी घ्या, मग माझी हरकत नाही.