उशीर झालेला नाही, पण यादी लांबवू नका

तुमच्या मुलीची पदवी झाली, जीपीए (पदवीचे सरासरी गुण) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) उत्तम, पण रुग्णांजवळ काम केल्याची एकही नोंद नाही. आता उशीर झाला का, असं विचारलंत. मुळीच नाही. अमेरिकेत पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं थांबून मेडिकलला अर्ज करणारे भरपूर असतात.

एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात कामं आणि उपक्रमांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात आणि त्यातल्या ३ पर्यंत सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडता येतात. पंधराच्या पंधरा भरायच्या हट्टापायी मुलं उगाच दमतात.

आमचा मुलगा याच टप्प्यावर होता. आठवडाभर इमर्जन्सीत स्क्राइबची नोकरी, म्हणजे डॉक्टरांबरोबर फिरून तपासणीच्या नोंदी टाइप करायच्या. दर शनिवारी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र. तिथल्या एका आजोबांना तो पेपर वाचून दाखवायचा, आधी बेसबॉलचे स्कोअर, मग बाकीचं. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या शनिवारांवरच आले.

ओळखीच्या डॉक्टरांकडे शॅडोइंग जरूर करू दे, पण ते नुसतं बघणं झालं. एक-दोनच कामं धरून ती वर्षभर नेमाने करू दे. तास आणि सुपरवायझरचा संपर्क पहिल्या दिवसापासून वहीत लिहायला सांगा, अर्जात दोन्ही लागतात.