विषयप्रमुखाने वर्षाचे उद्दिष्ट केवढे ठेवावे?

विज्ञान विषयप्रमुख, अनुदानित माध्यमिक शाळा
जूनमधल्या विषय समितीच्या बैठकीत ‘दहावीचा विज्ञानाचा निकाल शंभर टक्के’ असे उद्दिष्ट इतिवृत्तात लिहिले जाते. ते गाठायचे कसे, याबद्दल मात्र त्यात एक ओळही नसते. एकच प्रयोगशाळा आणि मोजके साहित्य असलेल्या शाळेने वर्षाला एकच उद्दिष्ट घ्यावे, आणि ते दिवाळीनंतर तपासता येईल असे असावे, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ, दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ६ प्रयोग स्वतःच्या हाताने करावेत. मोरचुदाच्या द्रावणात ठेवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबूस थर कसा चढतो, हे पाहायला फारसा खर्च येत नाही. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर तर खिडकीसमोर कागद धरूनही काढता येते. बाकीचे प्रयोग शिक्षकांनी करून दाखवावेत.

निवृत्त मुख्याध्यापिका
मी असहमत आहे. विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असताना ‘बाकीचे करून दाखवू’ असे विषयप्रमुखानेच लिहून दिले, तर संस्थाचालक साहित्याची मागणी कशाच्या आधारे मंजूर करतील? यंदाची तडजोड पुढच्या वर्षी रीत होते. उद्दिष्ट सर्व प्रयोगांचेच ठेवावे आणि त्यासोबत कमी पडणाऱ्या साहित्याची यादी जोडावी.

विज्ञान विषयप्रमुख
यादी दरवर्षी जोडली जाते, मॅडम. ती मंजूर होईपर्यंत ती तुकडी शाळा सोडून गेलेली असते. राहिलेल्या प्रयोगांपुढे ‘साहित्याअभावी’ असा शेरा नोंदवावा, इथपर्यंत मला आपले म्हणणे मान्य आहे. त्यासाठी उद्दिष्ट मात्र फुगवणार नाही.

गणित शिक्षक, जिल्हा परिषद शाळा
दोघेही साहित्यावरच बोलत आहात. खरी टंचाई वेळेची आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे त्यातून वगळलेली आहेत, आणि ती कधी येतील हे शाळेच्या हातात नसते. शिवाय विषयप्रमुखपद मिळाले म्हणून तासिका कमी होत नाहीत (मानधनाचे तर नावच नको). साठ मुलांच्या वर्गाचे गट पाडले, की एकाच प्रयोगाला दोन-तीन तासिका सहज जातात. म्हणून आधी वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्यांकडून सलग तासिका लेखी मिळवाव्यात आणि मगच आकडा ठरवावा. त्या मिळणार नसतील, तर ६ नव्हे, ४ प्रयोग धरा.