लादलेली शिस्त आणि आपली शिस्त

"शिस्त म्हणजे स्वतःवर जबरदस्ती, त्यानं माणूस खचतो" असं काहीजण म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. दुसऱ्यानं लादलेल्या शिस्तीबद्दल ते खरं असेलही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची गोरगरीब पोरं एकत्र राहायची, हातानं कामं करायची आणि शिकायची. 'स्वावलंबी शिक्षण' हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच. घामाची भाकरी खाणाऱ्या पोराला कुणापुढं मान खाली घालावी लागत नाही, आणि मला तर ही पुस्तकी शिक्षणाहून मोठी कमाई वाटते. अशी आपली शिस्त लावून घ्यायची तर तुम्ही सध्या एवढंच करा: उठायची एक वेळ ठरवा आणि पाळा. एखादा दिवस चुकला तर कुढत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा उठा.