ऑस्ट्रेलियातली ॲबोरिजिनल चित्रं: नुसती बघून समेट होतो का?

रंगवेडी: ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल म्हणजे मूळनिवासी लोकांच्या चित्रांबद्दल वाचतेय, तिथे सारखं येतं की आधी गोऱ्यांच्या वसाहतीत खरं काय घडलं ते बोला, मग त्यांच्यात समेट. पण लोक चित्रातले ठिपके बघतात, छान म्हणतात आणि पुढे जातात ना? मग चित्राने नेमकं काय होतं?

माळरान: सगळीच चित्रं ठिपक्यांची नसतात गं. कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीतलं ॲबोरिजिनल मेमोरियल बघ, रामिंगिनिंग भागातल्या कलाकारांनी रंगवलेली 200 पोकळ खोडं आहेत. तिकडे, उत्तरेतल्या आर्नहेम लँडमध्ये, मयताची हाडं अशा खोडात ठेवायची रीत. 1988 ला देश गोऱ्या वसाहतीची 200 वर्षं साजरी करत होता आणि या कलाकारांनी त्या प्रत्येक वर्षासाठी एक अशी खोडं उभी केली, जमीन राखताना जे मेले, ज्यांचे अंत्यविधीही धड झाले नाहीत त्यांच्यासाठी. मधून चालायला वाट आहे, म्हणजे लांबून छान म्हणून सुटता येत नाही, मेलेल्यांच्या मधूनच जावं लागतं.

जुनीपानं: बरोबर, पण दाखवायची तयारी पण लागते. क्वीनी मकेन्झी ही वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातली, गीजा या मूळनिवासी समाजातली चित्रकार, तिने मिस्टेक क्रीक इथलं तिच्या लोकांचं हत्याकांड मातीच्या रंगांत रंगवलं, जे तिच्या लोकांत तोंडी चालत आलं होतं ते. नॅशनल म्युझियमने चित्र 2005 ला विकत घेतलं आणि 2020 पर्यंत भिंतीवर लावलंच नाही, कारण काय तर तिथे नक्की काय झालं यावर वाद! अरे पण मारणारे स्वतः कशाला लिहून ठेवतील, तोंडी साक्षीला किंमतच नाही का?

रंगवेडी: बापरे, 15 वर्षं! हे माहीतच नव्हतं. मग सरकारने कधी चित्राचं ऐकलंय का?

माळरान: अर्धवट. 1963 ला आर्नहेम लँडमधल्या यिर्काला गावच्या योलंगू लोकांनी झाडाच्या सालीवर अर्ज पाठवले, मधे टाइप केलेला कागद आणि कडेने त्यांची चित्रं, जमीन आमची आहे, ती खाणीला देऊ नका हे सांगणारे. संसदेने चौकशी समिती नेमली, खाण मात्र झालीच.

जुनीपानं: आणि 2023 च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणारं मूळनिवासींचं मंडळ नेमायचा प्रस्ताव साधारण 60 टक्के लोकांनी नाकारलं. म्हणून मला वाटतं चित्राशेजारच्या पाटीवर कलाकाराच्या नावाबरोबर कोण मेलं, कुणी मारलं हे पण स्पष्ट लिहा, आणि ते काय लिहायचं हे त्याच गावच्या लोकांना ठरवू द्या.